काळी माती, तांबडी ज्वारी

माझी माय बहात्तर साली सतरा वर्षांची होती. तिचं माहेर आज पालम तालुक्यात मोडतं, तेव्हा ते गंगाखेड तालुक्यात होतं. लग्न ठरलेलं होतं, पण त्या साली गावात एकही लगीन लागलं नाही. हळदीच्या ऐवजी खडीची धूळ अंगाला लागली, असं ती सांगते. रस्त्याच्या कामावर ती आणि तिची भावजय खडी फोडायला जायच्या. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा, संध्याकाळी ढिगाचं माप व्हायचं. घरी आल्यावर पीठ मळायचं ते तांबड्या ज्वारीचं.

त्या ज्वारीला लोक मिलो म्हणत. परभणी जिल्ह्यात साठी ओलांडलेल्या कुणासमोरही हा शब्द उच्चारून पाहा, चेहऱ्यावर आधी नकार येतो आणि मग आठवणी सुरू होतात. थापताना कडा चिरायच्या, तव्यावर फुगायची नाही, गार झाली की वातड व्हायची. मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र, चवीला गोडसर भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती भाकरी परकी वाटली. तरी लोकांनी ती खाल्ली. मायचं म्हणणं एवढंच असतं, "खाल्ली म्हणून तर हाव."

ही ज्वारी अमेरिकेतून जहाजांनी मुंबईला येत होती. तिकडे ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात. १९७३ मध्ये अमेरिकी हवाई दलाची विमानं धान्य घेऊन आणखी एका दुष्काळी मुलखात उतरत होती. माली, मॉरिटानिया आणि चाड. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाला अरबी भाषेत साहेल, म्हणजे किनारा, म्हणतात. तो सगळा पट्टा तेव्हा होरपळत होता. एकाच वेळी दोन दुष्काळ पडले, दोन्हीकडे परकी ज्वारी आली. एकीकडे माणसं तगली. दुसरीकडे दगावलेल्यांचा आकडा लाखाच्या घरात असावा, असे अंदाज आहेत.

हा फरक कशाने पडला, हे समजून घ्यायचा मी गेली काही वर्षं प्रयत्न करतो आहे. कारण चाड हा देश जितका वाचत गेलो, तितका तो मला परभणीचा दूरचा नातेवाईक वाटत गेला.

चाडला समुद्र नाही. महाराष्ट्राच्या चौपट आकाराचा हा देश चहूबाजूंनी इतर देशांनी वेढलेला आहे. राजधानी एन्जामेना. तिथून सर्वांत सोयीचं बंदर म्हणजे शेजारच्या कॅमेरूनमधलं दुआला, रस्त्याने सुमारे १,८०० किलोमीटरवर. उत्तरेला वाळवंट, दक्षिणेला कापूस. आणि मध्ये, दक्षिणपूर्वेच्या सलामत भागात आणि नद्यांच्या काठच्या सखल मैदानांत, काळी चिकणमाती. पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. आपल्या गोदाकाठच्या, दुधनाकाठच्या रानासारखीच. पाणी ओसरलं की तिथले शेतकरी त्या मातीत ज्वारीची रोपं लावतात आणि पुढे पाऊस नसताना, मातीत मुरलेल्या ओलीवर ती पिकवतात. त्या ज्वारीला ते बेरबेरे म्हणतात. आपल्याकडची रब्बी ज्वारी याच हिशेबाने येते, फक्त आपण पेरतो आणि ते रोपं लावतात.

ज्वारीचं मूळ घरच तिकडचं आहे. पूर्व सुदानमध्ये माणसाने ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी शेतात आणायला सुरुवात केली, याचे पुरावे उत्खननात मिळाले आहेत. पुढे ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि इतकी आपली झाली की हुरड्याशिवाय आणि कडब्याशिवाय मराठवाड्याचं चित्र डोळ्यांपुढे येत नाही. सुदानात धान्य जमिनीतल्या खड्ड्यात साठवायची जुनी रीत आहे, त्या खड्ड्याला मतमूरा म्हणतात. आमच्या गावात त्यालाच पेव म्हणत. पेवात उतरताना आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही, हे आजा सांगायचा.

१९७२ हे साल ज्वारीच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. १८ मे १९७२ ला परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. इक्रिसॅटने पुढे नायजरची राजधानी नियामेजवळ साहेलसाठी वेगळं केंद्र काढलं. परभणीच्या विद्यापीठाने रब्बीसाठी 'परभणी मोती' दिली, आणि २०१८ मध्ये इक्रिसॅटच्या साथीने लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती'. विद्यापीठ उघडलं त्याच पावसाळ्यात जिल्ह्यातली पेरणी वाया गेली होती.

पण मातीच्या आणि पिकाच्या नात्याहून मला अस्वस्थ करणारं नातं वेगळं आहे. समुद्र नसलेल्या, आतून पेटलेल्या राज्यात राहणं म्हणजे काय, हे परभणीने स्वतः भोगलेलं आहे. ते विसरायला आपल्याला पाऊणशे वर्षं पुरली.

आमच्याकडची जुनी माणसं निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणत. परभणी जिल्हा, त्यात तेव्हा आजचा हिंगोली जिल्हाही आला, मोगलाईत होता. हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं, युरोपातल्या कित्येक देशांहून मोठं. स्वतःचं नाणं, हाली सिक्का. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, माल आत-बाहेर जाताना जकात. स्वतःची रेल्वे. फक्त समुद्र नव्हता. निजामाला ही उणीव शेवटपर्यंत सलत राहिली आणि गोव्याच्या मुरगाव बंदरापर्यंत वाट मिळावी म्हणून त्याच्या बाजूने खटपट झाली. १९४७ मध्ये इंग्रज गेले, तेव्हा निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ ला वर्षभरासाठी 'जैसे थे' करार झाला. त्या वर्षाच्या आतच सगळं फुटलं.

लातूरच्या कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत घातली. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीबाहेर कॅम्प लावून आतले नाके आणि ठाणी लक्ष्य करत होते. उमरखेडच्या कॅम्पचं नाव आमच्या भागात अजून आदराने घेतलं जातं. परभणीच्या उत्तर कडेला वऱ्हाड लागतं. जिंतूर-हिंगोलीकडची कितीतरी कुटुंबं रात्रीतून बैलगाडी जुंपून तिकडे गेली. पेव बुजवलं, भांडी विहिरीत टाकली, दारांना कुलपं लावली. निर्वासित हा शब्द आपण फाळणीशी जोडतो. पण मराठवाड्यातली मराठी माणसं चाळीस-पन्नास मैलांवरच्या मराठी मुलखात निर्वासित म्हणून राहिली आहेत.

भारताने संस्थानाची आर्थिक कोंडी केली. पेट्रोल, औषधं मिळेनाशी झाली, अशी हैदराबादची तक्रार होती. बंदर नसल्यामुळे शस्त्रं आकाशातून आणावी लागली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं उडवत शस्त्रं आणत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली आणि सप्टेंबरात परिषद त्यावर बसली. ज्या टेबलावर आज सुदान, दक्षिण सुदान, माली यांची नावं पुन्हा पुन्हा येतात, त्या टेबलावर एकदा आमचा मुलूखही होता.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८. पाच दिवसांत भारतीय सैन्याची पोलीस कारवाई आटोपली. १७ सप्टेंबर आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो आणि पाळायलाच हवा. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं ते आपल्या भाषणांत येत नाही. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्या समितीचा अंदाज होता. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली, म्हणजे आमच्या शेजारालाच. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. आज्याला मी एकदा याबद्दल विचारलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आधी ते आले, मग हे गेले. विहिरी मात्र त्याच व्हत्या." यापुढे तो बोलला नाही.

म्हणून चाडच्या यादवीबद्दल वाचताना 'तिकडची माणसं तशीच' हे वाक्य मी सहन करू शकत नाही. चाड ११ ऑगस्ट १९६० ला फ्रान्सपासून मोकळा झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा तोंबालबाय दक्षिणेचे. उत्तरेत आणि पूर्वेत करवसुलीच्या जाचातून १९६५ मध्ये बंड उठलं आणि पुढच्या वर्षी फ्रोलिना ही बंडखोर आघाडी झाली. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा देश सात वर्षं लढत होता. आमच्या मोगलाईत ती अवस्था वर्ष-दीड वर्ष टिकली आणि मागे मोठं राष्ट्र होतं. आम्ही त्यात विलीन झालो. चाडला विलीन व्हायला कुणी नव्हतं.

आता बहात्तर सालाकडे.

१९७० पासून पाऊस कमी पडत होता. तिसऱ्या वर्षी, १९७२ मध्ये, त्याने पुरतीच पाठ फिरवली. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगलीचा पूर्व भाग असा अर्धाअधिक महाराष्ट्र करपला. गोदावरीचं पात्र गंगाखेडला वाळवंट झालं. जनाबाईच्या गावात लोक नदीत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत होते. बैल कवडीमोलाने विकले गेले, बरेच दावणीलाच गेले.

ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या अर्थतज्ज्ञांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी महाराष्ट्र आणि साहेल शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्या वर्षी महाराष्ट्रातलं दरडोई धान्य उत्पादन साहेलच्या देशांपेक्षा बरंच कमी होतं. म्हणजे शेतात जे उगवलं, त्यावरच माणसं जगणार असती, तर उपासमारीचे बळी आधी आमच्याकडे जायला हवे होते. ते तसे गेले नाहीत. हाल अतोनात झाले, बालमृत्यू वाढले, कित्येकांची तब्येत कायमची खालावली. पण गावंच्या गावं मेली, असं झालं नाही.

कारण लोकांच्या हातात पैसा पडत राहिला. काम मिळालं, मजुरी मिळाली, मजुरी मिळाल्यामुळे धान्य विकत घेता आलं, आणि विकत घेणारा असल्यामुळे धान्य दूरवरून गावापर्यंत आलं. १९७३ च्या ऐन उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि सगळ्यांच्या तोंडी असलेली खडी. कामावर लेकरांना सुकडी वाटत. रेशन दुकानावर मिलो आणि गहू. परभणीची लाइन तेव्हा मनमाडपासून मीटरगेज होती, त्यामुळे मुंबईहून मोठ्या रुळावरून आलेलं धान्य मनमाडला उतरवायचं आणि धाकट्या रुळाच्या वाघिणीत पुन्हा भरायचं. मनमाड, औरंगाबाद, जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा. मुंबई ते परभणी रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. ही लाइन निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पडली होती. वाटेत सरहद्द नव्हती, नाका नव्हता, बंदूकवाला नव्हता. मला वाटतं, या न दिसणाऱ्या गोष्टीचं मोल आपण कधी केलंच नाही.

दुआलाहून रेल्वे चाडच्या दिशेने कॅमेरूनमधल्या एन्गाउंडेरेपर्यंत पोचली ती १९७४ मध्ये. तिच्यापुढेही शेकडो किलोमीटर कच्चा रस्ता, पावसाळ्यात बंद. सेनेगलच्या डाकार बंदरात परदेशी धान्याचे ढीग गोदीवर सडत असल्याच्या बातम्या तेव्हा जगभर छापून आल्या. धान्य होतं, ते भुकेल्या माणसाकडे जाईना. विमानातून टाकलेलं धान्य किती जणांना पुरणार? आणि ज्यांच्या गावाभोवती सरकार आणि बंडखोर दोघेही फिरत होते, त्यांना तर मजुरी देणारं कुणीच नव्हतं.

इथे मात्र आपल्या सरकारच्या दयाळूपणाची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. वसंतराव नाईकांचं सरकार हललं हे खरं, पण ते हलवावं लागलं. मजुरांनी मोर्चे काढले, संप केले, तहसील कचेरीला वेढे दिले. मुंबईत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. वर्तमानपत्रं रोज गावांची नावं छापत होती. सभागृहात विरोधक विचारत होते. वि. स. पागे यांनी १९६५ पासून सांगली भागात ज्या कल्पनेचा प्रयोग चालवला होता, ती रोजगार हमी या रेट्यातून राज्याची योजना झाली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. 'मागेल त्याला काम'. शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्याचा पैसा उभा राहिला. २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्याने याच कल्पनेचा आधार घेतला. आमच्या जिल्ह्यातल्या खडी फोडणाऱ्या बायांच्या घामातून ही गोष्ट उगवली आहे, असं मी मानतो आणि ते मला अभिमानाचं वाटतं.

मायला मी एकदा विचारलं, पगार झाला नाही तर काय करायच्या तुम्ही? ती म्हणाली, "काय करतो? समद्या बाया मिळून गंगाखेडला चालत जायचो. तहसीलदारापुढं बसायचो. उठायचोच न्हाई."

तहसीलदारापुढे जाऊन बसता येणं. सगळ्या अभ्यासांच्या शेवटी मला हाती लागलेली गोष्ट एवढीच आहे. ज्याच्यापुढे जाऊन बसता येतं असा माणूस चालण्याच्या अंतरावर होता. त्याला वरून विचारणारा कुणी होता. त्या वरच्याला पाच वर्षांनी मतं मागायची होती.

पण हे बसणंही सगळ्यांच्या वाट्याला सारखं नव्हतं, हे परभणीच्या माणसाने तरी लपवू नये. मे १९७२ मध्ये, त्याच तहानेल्या उन्हाळ्यात, याच जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्या घटनेने राज्य हादरलं. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि ऑगस्टमध्ये 'साधना'च्या स्वातंत्र्यदिन विशेषांकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' हा जळजळीत लेख लिहिला. दुष्काळी कामावर सगळ्यांच्या हातात सारखा हातोडा होता. पाण्याच्या रांगेत मात्र कुणी कुठे उभं राहायचं, हे गाव ठरवत होतं. साहेलमध्येही मोकळ्या रानात जनावरं चारणारा आणि काळ्या मातीत ज्वारी पिकवणारा यांच्यात विहिरीवरून, चराईवरून रक्त सांडतं. बंदूक नंतर येते, आधी विहीर येते.

चाडमध्ये तोंबालबायपुढे जाऊन कोण बसणार होतं? एकच पक्ष, एकच माणूस. १३ एप्रिल १९७५ ला त्याच्याच सैन्याने त्याला ठार केलं. शेजारच्या नायजरमध्ये त्याआधी एक वर्ष, १५ एप्रिल १९७४ ला, सैन्याने सत्ता घेतली होती. दुष्काळाच्या मदतीत झालेला भ्रष्टाचार हे त्या बंडाचं एक मोठं कारण होतं. लोकांना दाद मागायची वाट नसली की ती मागणी कुणीतरी बंदूकवाला उचलतो. पुढे चाडचं तेच झालं. बंडावर बंड. १९९० मध्ये इद्रिस देबी आले, तीस वर्षं राहिले, २०२१ मध्ये आघाडीवर मारले गेले आणि मुलगा गादीवर आला. मधल्या काळात, २००३ मध्ये, दक्षिणेतलं तेल हजार किलोमीटरच्या नळातून कॅमेरूनच्या किनाऱ्यावर जाऊ लागलं. तेलाला समुद्रापर्यंत वाट मिळाली. माणसांच्या हाती त्यातलं फारसं आलं नाही. तेल दोन दशकं वाहिल्यावरही चाड जगातल्या सर्वांत गरीब देशांत मोडतो.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून तिकडे गेली, आणि ती सांगताना मला आनंद होतो. साठच्या दशकाच्या शेवटी विंधनविहिरी येऊ लागल्या, पण त्यावरचे ओतीव लोखंडाचे पंप गावाच्या वापरात आठवडा-पंधरवड्यात मोडायचे. ते पंप एका कुटुंबासाठी घडवलेले, आणि हापसणारं अख्खं गाव. शेजारच्या जालन्यात मिशनमधल्या लोकांनी पोलादाचा दणकट पंप बनवला, तो जालना पंप. सोलापुरात त्याची सुधारित आवृत्ती झाली. दोन्हींच्या अनुभवातून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने 'इंडिया मार्क टू' घडला. तोच आपला हापसा. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत, सुदानपासून मालीपर्यंत, गावाच्या कडेला तो उभा आहे. दांडा तोच, आवाज तोच. फोटोत लेकरं दोन्ही हातांनी लोंबकळून हापसताना दिसतात, तेव्हा ती परतूरची आहेत की दारफूरची, हे क्षणभर कळत नाही.

दारफूरचं नाव आता रोजच घ्यावं लागतं. १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. दारफूरमधल्या अल-जेनेना शहरात मसालित समाजाची कत्तल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालानुसार त्या एका शहरात १० ते १५ हजार माणसं मारली गेली. जेनेनापासून चाडची सरहद्द सुमारे तीस किलोमीटरवर, पलीकडे आद्रे हे गाव. चाळीस हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या गावाभोवती काही महिन्यांत लाखांनी माणसं काटक्या आणि लुगड्यांच्या आडोशाला येऊन राहिली. त्यात बहुतेक बायका आणि लेकरं. पुरुष वाटेत मारले गेले किंवा मागे राहिले. २००३ पासूनच्या दारफूरच्या आधीच्या युद्धातले चार लाख निर्वासित चाडमध्ये होतेच. नव्याने आलेले आठ लाखांवर गेले. पूर्व चाडच्या शेतकऱ्यांची स्वतःची ज्वारी पुढच्या पिकापर्यंत पुरत नाही, त्यांनी आलेल्यांना सरपण, पाणी, बाजार, सगळ्यात वाटेकरी करून घेतलं आहे.

आणि तिथेही सगळं वाटेवर येऊन अडतं. आद्रेची चौकी हीच दारफूरमध्ये धान्य न्यायची सर्वांत जवळची वाट. सुदानच्या सैनिकी सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला परवानगी नाकारली. ट्रक सरहद्दीवर थांबून राहिले. १ ऑगस्टला अल-फाशरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं आंतरराष्ट्रीय समितीने जाहीर केलं, आणि त्यानंतर त्या महिन्यात चौकी उघडली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेची यूएसएड ही मदतसंस्थाच बंद झाली. सुदान आणि चाडकडे जाणाऱ्या मदतीच्या पोत्यांत अमेरिकी ज्वारी मोठ्या प्रमाणावर असायची. माझ्या मायच्या तव्यावरच्या तांबड्या भाकरीचं ते पुढचं पोतं होतं.

या सगळ्यात परभणी आज कुठे आहे? 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्याकडे कौतुकाने सांगतात. कुठेच जमलं नाही तर परभणीत ये, इथे भागेल. जायकवाडीचा डावा कालवा आला, येलदरी भरतं तेव्हा पूर्णेकाठ हिरवा दिसतो. पण बालाघाटाच्या कडेचा गंगाखेड-पालमचा डोंगरपट्टा अजूनही दसरा उरकला की ऊसतोडीसाठी रिकामा व्हायला लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि फडावर ती फेडायची. कोपीत राहायचं, पहाटे मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. कारखाने पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. लेकरं सोबत जातात, शाळा मध्येच सुटते. दिवाळीचा दिवा बऱ्याच घरांत म्हाताऱ्या माणसांनीच लावायचा असतो.

'मागेल त्याला काम' हे वचन जिथे जन्मलं, तिथली ही माणसं गावात काम मागत नाहीत. मी त्यांच्याशी बोललो तेव्हा कारण साधं निघालं. उचल आज हातात पडते, हमीची मजुरी कधी पडेल सांगता येत नाही. दवाखाना आणि लेकीचं लग्न थांबत नाही. मागण्याचा हक्क कायद्यात आहे, पण ज्याच्यापुढे जाऊन बसायचं तो आता चालण्याच्या अंतरावर नाही. तो ऑनलाइन हजेरीच्या पलीकडे, कुठल्यातरी पडद्यामागे गेला आहे. कोयत्याचा मुकादम मात्र दारात येतो.

सखल भागातल्या कापसाचंही तेच. मानवत आणि सेलूच्या बाजारात भाव ऐकणारा शेतकरी आणि दक्षिण चाडमधला कापूसवाला यांचा भाव एकाच जागतिक बाजारात ठरतो. २००३ मध्ये चाड, माली, बुर्किना फासो आणि बेनिन या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत उभं राहून अमेरिकेच्या कापूस अनुदानावर बोट ठेवलं. या चारांतले तीन देश समुद्र नसलेले, तिन्ही आज अशांत. त्यांची मागणी अजून पुरी झालेली नाही. आमच्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, तेव्हा मानवतच्या अडतीवर जी चिंता होती, ती दक्षिण चाडमधल्या कापूसवाल्याला एका वाक्यात समजली असती.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. शेजारच्या घरी निघायची तयारी चालली होती. ट्रॉलीत पत्रे, चूल, कोंबड्यांचा डालगा आणि ज्वारीची दोन पोती. मायला मी मोबाइलवर आद्रेच्या छावणीतला एक फोटो दाखवला. धान्यवाटप झालेल्या जागी चार बाया खाली बसून मातीत सांडलेले दाणे वेचताहेत, एकीच्या पाठीला लेकरू बांधलेलं.

मायने चष्मा लावला, फोटो बराच वेळ पाहिला. दाणे मोठे करून दाखव म्हणाली. मी दाखवले.

"तांबडीच हाय," ती म्हणाली. मग त्या बायांकडे पाहून विचारलं, "ह्यांची हजेरी कोण घेतं?"

कुणीच नाही, मी म्हणालो. तिथे काम नाही, फक्त वाटप आहे, तेही कधी येतं, कधी नाही.

"मंग जायचं कुणापशी त्यांनी?"

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. शेजारच्या सुनेने पोरीला वर उचलून पोत्यावर बसवलं. माय उठून दारात गेली आणि पोरीच्या हातात लाडवाचा पुडा दिला.